राक्षस खरोखरच असतात काय?

लहानपणी जेवताना किंवा निजताना आपणांपैकी बहुतेकांना बागुलबुवाची भीती दाखविण्यात आली असेल. हा बागुलबुवा दिसतो कसा, राहतो कोठे, खातो काय, हे आईला विचारण्याची छाती आपल्याला झाली नाही. आणि विचारले असते तरी तिला ते सांगता आले नसते. पुढे आपण मोठे झालो, चार बुके शिकलो, आणि बागुलबुवा मागे पडला. त्याची भावंडे मात्र आपल्याबरोबर राहिली. कोणी सांगतो, अमुक डोहात माणसे ओढून नेणारे काहीतरी आहे. कोणी दोन तोंडांचा साप पाहिलेला असतो. कोणाच्या आजोबांना रानात मणी उतरवून ठेवून चरणारा नाग दिसलेला असतो. हिमालयात हिममानवाची पावले उमटल्याची वार्ता अधूनमधून येते. आणि हल्ली तर हातातल्या फोनवर तिच्याबरोबर चित्रही येते. मग घरातील मुले विचारतात, ‘राक्षस खरोखरच असतात का हो?’

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या समाजात तयार असतात. एक सुशिक्षितांचे: ‘छट्, सगळ्या भाकडकथा आहेत!’ आणि दुसरे भाविकांचे: ‘असतीलही; पूर्वजांनी उगाच का लिहून ठेवले?’ ही दोन उत्तरे परस्परविरुद्ध दिसतात खरी. पण एका बाबतीत ती अगदी सारखी आहेत. दोहोंपैकी कोणतेही उत्तर देणाऱ्याला जागचे उठावे लागत नाही.

मी परभणी जिल्ह्यातील खेडोपाडी छत्तीस वर्षे मास्तरकी केली. मॅट्रिक झालो, अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि नोकरीस लागलो. तेव्हा प्राणिशास्त्राचा पंडित म्हणून मी आपणांपुढे बोलत नाही. परंतु वरीलपैकी पहिले उत्तर, म्हणजे ते ‘छट्’, मी एकदा भर वर्गात एका मुलाला दिले, आणि ते साफ चुकीचे ठरले. त्या चुकीची हकीकत मी पुढे सांगणारच आहे. त्याआधी राक्षसांची थोडी वर्गवारी करू. कारण सगळ्या राक्षसांना एकाच दावणीला बांधले की विचार पुढे सरकत नाही.

पहिला वर्ग शिल्पांतल्या आणि पुराणांतल्या प्राण्यांचा. आमच्या जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात चारठाणा आणि गंगाखेड तालुक्यात धारासूर येथे जुनी दगडी देवळे आहेत. महाराष्ट्रात अशी देवळे ठिकठिकाणी आढळतात. त्यांच्या उंबऱ्यावर बटबटीत डोळ्यांचे, जबडा वासलेले कीर्तिमुख असते. अभिषेकाचे पाणी बाहेर पडते ते पुष्कळदा मकराच्या मुखातून. आणि हा मकर म्हणजे थोडा सुसरीसारखा, थोडा हत्तीसारखा व थोडा माशासारखा. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आहेत आणि दोन मस्तकांचा गंडभेरुंड पक्षीही आहे. हे प्राणी कधी काळी सह्याद्रीत हिंडत होते काय?

नव्हते, आणि हे ठामपणे सांगता येते. निसर्गात प्रत्येक प्राण्याचे शरीर त्याच्या कुळाकडून त्याला मिळते. वटवाघळाचा पंख पाहा. तो हाताच्या बोटांवर ताणलेल्या कातड्याचा असतो. म्हणजे पंख आला तर हात गेला. चार पाय जागच्या जागी ठेवून पाठीवर आणखी दोन पंख, ही चैन पाठीचा कणा असलेल्या कोणत्याही प्राण्याला परवडलेली नाही. सिंहाचे धड, हत्तीची सोंड आणि सुसरीचा जबडा एकत्र आणणे शिल्पकाराच्या छिन्नीला साधते, आईच्या गर्भाला साधत नाही. ही शिल्पे खोटी आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांचा अर्थ सामर्थ्याचा, राजसत्तेचा, अहंकार गिळून टाकण्याचा आहे. त्यांची शिरगणती करण्यास कोणी सांगितलेले नाही.

दुसरी गोष्ट शिध्याची. महाभारतातील एकचक्रा नगरीच्या बकासुराची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा घेऊन जाणारा माणूस हा त्याचा ठरलेला भाग. रोजचा हिशेब धरला तर वर्षाला सातशे तीस रेडे आणि तीनशे पासष्ट माणसे झाली. मी पाचवीच्या मुलांना गुणाकार शिकविताना हे उदाहरण घालीत असे. मुले हसत, पण त्यात प्राणिशास्त्राचा एक मोठा नियम आहे. मोठ्या देहाला मोठा शिधा लागतो आणि मोठ्या शिध्याला मोठे रान लागते. शिवाय कोणताही प्राणी एकटा असूच शकत नाही. त्याला आईबाप हवेत, जोडीदार हवा, पिल्ले हवीत; म्हणजे पिढ्यानुपिढ्या टिकणारा त्यांचा चांगला मोठा गोतावळा हवा. इतक्या प्राण्यांची पावले उमटणार, विष्ठा पडणार, केस झाडाला अडकणार आणि केव्हातरी हाडे सापडणार. बिबट्या डोळ्यांना दिसत नाही. पण त्याचा माग सकाळी वाटेच्या धुळीत दिसतोच. ज्या प्राण्याची शेकडो वर्षे फक्त गोष्टच सापडते, माग कधीच सापडत नाही, त्याच्याविषयी संशय घेणे रास्त आहे.

आता कोणी म्हणेल, हाडे तर सापडतात! खरी गोष्ट आहे. गोदावरी आणि मांजरा या आपल्या नद्यांच्या जुन्या गाळांतून हत्तींसारख्या प्रचंड प्राण्यांचे अश्मीभूत अवशेष निघालेले आहेत. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वर येथे, तसेच लातूर जिल्ह्यात मांजरेच्या खोऱ्यात हारवाडी येथे संशोधकांनी अशा अवशेषांचा अभ्यास केला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे तर डायनोसोरांची हाडे आणि त्यांची दगड बनलेली विष्ठासुद्धा मिळाली आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या नदीची दरड पावसाळ्यात ढासळली आणि तीतून मांडीएवढे जड, दगडासारखे हाड बाहेर आले. गावातील वृद्धांनी ते राक्षसाचे ठरविले आणि कुंकू लावून पारावर ठेवले. आज मला वाटते, ते निम्मे बरोबर होते. एवढा मोठा प्राणी येथे होता, हे त्यांनी अचूक ओळखले. त्यांची चूक झाली ती ‘होता’ आणि ‘आहे’ यांतील अंतर मोजण्यात.

दुसरा वर्ग याहून अवघड आहे. कारण येथे प्राणी खरा असतो आणि त्याची गोष्ट खोटी असते. मांडूळ घ्या. मांडुळाला दोन तोंडे असतात, सहा महिने ते एका तोंडाने चालते व सहा महिने दुसऱ्या, अशी समजूत आमच्याकडे घरोघर आहे. वास्तविक मांडुळाची शेपटी आखूड आणि बोथट असते, इतकेच. संकटात ते डोके वेटोळ्याखाली लपविते आणि शेपटी वर करते. शत्रूने डोके समजून शेपटीवर घाव घालावा, एवढाच त्यातला डाव. ते बिनविषारी आहे. जमिनीत राहून उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याचा बिनपगारी रखवालदार आहे. परंतु त्याच्या वजनावरून गुप्तधन सापडते, पैशाचा पाऊस पडतो, अशा अफवा उठल्या आणि या गरीब जिवाला लाखांच्या बोली लागू लागल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मांडूळ पकडणे आणि विकणे गुन्हा आहे; तरी मांडूळ विकताना माणसे पकडल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. येथे प्रश्न नुसत्या अज्ञानाचा राहत नाही. आपण त्या प्राण्याला एक तोंड जास्त दिले, आणि त्यामुळे त्याचा जीव गेला.

आता माझ्या चुकीकडे येतो.

साल १९८४. जिंतूर तालुक्यातील डोंगराकडेच्या एका गावी मी शिक्षक होतो. पावसाळा नुकताच संपला होता. माझ्या सहावीच्या वर्गात एका मेंढपाळाचा मुलगा होता. अक्षर वाईट, गणित कच्चे. पण रानातील झाड न् झाड त्याला ठाऊक होते. एके दिवशी पाठ चालू असताना तो आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘गुर्जी, काल राती म्या डोंगराच्या पायथ्याला एक जनावर पाहिलं. मांजराहून मोठं. समद्या अंगावर माशावानी खवलं. मला पाहून त्यानं गोळा केला अंगाचा. अन् गुर्जी, आधी त्याच्या शेपटावर त्याचं लेकरू बसलं व्हतं!’

वर्ग हसला. वर्गाबरोबर मीही हसलो. ‘मासा झाडावरून उतरला होता की मांजर नदीतून आले होते?’ असे मी त्याला विचारले. आणि मुले अधिकच हसली. तो तरीही बसेना. हात खिशाकडे नेत तो काहीतरी सांगू लागला. उलट उत्तर देतो म्हणून मी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभे केले. त्या दिवसापासून मुले त्याला ‘राकूस’ म्हणून हाक मारू लागली. ते माझ्या कानांवर होते, आणि मी ते थांबविले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत परत आला नाही. घरची ओढाताण होतीच. मेंढरांमागे एक माणूस कमी पडत होता. केवळ माझ्यामुळे त्याची शाळा सुटली असे त्याच्या बापानेही कधी म्हटले नाही. परंतु मन हे स्वतःशी इतके उदार नसते.

पुढे पाच-सहा वर्षांनी तालुक्याच्या वाचनालयात प्राण्यांविषयीचे एक सचित्र पुस्तक मी चाळीत होतो. एका पानावर खवले मांजराचे चित्र होते. मजकुरात लिहिले होते की हा प्राणी रात्री हिंडतो, मुंग्या आणि वाळवी खातो. त्याला दात नसतात, लांब चिकट जीभ असते. भय वाटताच तो अंगाचा चेंडू करतो. आणि शेवटी एक वाक्य होते: मादी आपल्या पिल्लाला शेपटीच्या बुडाशी बसवून वाहून नेते. ते पुस्तक माझ्या हातात तसेच राहिले. खवले कोणालाही कल्पिता येतील. पण शेपटीवर बसलेले पिल्लू ज्याने पाहिले नाही, त्याला ते सुचणार कोठून? ज्या तपशिलावर मी सर्वांत जास्त हसलो होतो, तोच त्याच्या खरेपणाचा पुरावा होता.

याच्या उलट, ज्याच्यावर जगाने विश्वास ठेवला त्या एका साक्षीदाराची गोष्ट आता ऐका. तीही महाराष्ट्रातलीच आहे. पहाटे कुडमुडे वाजवीत दारी येणारा पिंगळा आपल्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. त्याने ज्याचे नाव घेतले तो पिंगळा म्हणजे लहान चणीचे घुबड. या पक्ष्याचा एक रानटी भाऊबंद आहे. त्याला वनपिंगळा म्हणतात. १८७३ साली ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर खानदेशात तळोदे-शहादे भागात डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याचा खात्रीचा पत्ता लागेना. जगातील संग्रहालयांत पेंढा भरलेले त्याचे मोजके नमुने तेवढे उरले.

पुढे कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत आपल्याला वनपिंगळा मिळाल्याचे नोंदविले. कर्नलसाहेब सेनाधिकारी, नामांकित पक्षितज्ज्ञ, ग्रंथकार. त्यांच्या शब्दावर शंका घ्यावी कोणी? त्यांच्या नोंदीवर विसंबून पुढील शोधकांनी त्या भागात पक्षी धुंडाळला. तो कोणाला सापडला नाही. सापडणार कसा? पामेला रासमुसेन या विदुषींनी पुढे ते जुने नमुने शिवणीपासून पिसांपर्यंत तपासले, तेव्हा उघड झाले की कर्नलसाहेबांचा पक्षी हा डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला! खोटी नोंद बाजूस काढल्यावर रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या जुन्या ठिकाणांकडे वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर वनपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! आणि तोही अंधारात दडलेला नव्हे, तर भर उजेडात. कारण हे घुबड दिवसाही वावरते आणि मोठ्याने ओरडते. त्यानंतर मेळघाटात, यावलच्या रानात, आणि २०१४ साली तर मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

श्रोतेहो, या दोन गोष्टी मी मनात नेहमी शेजारी शेजारी ठेवतो. एकीकडे मानाचा, शिकलेला, प्रतिष्ठित साक्षीदार. त्याच्यावर सर्वांनी विश्वास ठेवला आणि त्याने शास्त्रज्ञांना भलत्या रानात हिंडविले. दुसरीकडे वाईट अक्षराचा, मेंढरांच्या वासाचा एक पोर. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि तो अक्षरशः खरे बोलत होता. आपण पुरावा तपासतो अशी आपली समजूत असते. पुष्कळदा आपण सांगणाऱ्याचे कपडे तपासतो.

जगातील इतर प्रसिद्ध राक्षसांचीही अशीच तपासणी झालेली आहे, आणि तिचे निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत. नेपाळातील खुमजुंग येथील मठात हिममानवाची म्हणून जपलेली टाळू होती. १९६० साली निघालेल्या हिलरी यांच्या मोहिमेने ती तपासणीसाठी नेली. ती हिमालयातील सेराव नावाच्या बकऱ्यासारख्या प्राण्याच्या कातड्याची निघाली. २०१७ साली हिममानवाचे म्हणून सांगितलेल्या केस, हाडे, दात इत्यादी नऊ नमुन्यांची आनुवंशिक परीक्षा झाली. त्यांतील आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा ठरला. स्कॉटलंडातील नेस सरोवराच्या राक्षसाचे १९३४ सालचे गाजलेले छायाचित्र खेळण्यातल्या पाणबुडीला मान बसवून काढले होते, हे १९९४ साली बाहेर आले. आणि २०१८ साली त्या सरोवराच्या पाण्यातील जीवांचे अंश तपासले, तेव्हा त्यांत सरपटणाऱ्या राक्षसाचा मागमूस नव्हता. ईल माशांचे अंश मात्र विपुल होते.

परंतु दुसरी बाजूही ऐका. डायनोसोरांच्या काळाबरोबर नाहीसा झाला असे समजलेला सीलाकँथ मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात आला. जहाजे ओढून नेणाऱ्या अष्टभुज राक्षसाच्या नावाड्यांकडील कथांमागे महाकाय माखूल हा खराखुरा प्राणी असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. खोल समुद्रातील त्याचे जिवंत छायाचित्र जपानी संशोधकांनी २००४ साली मिळविले. आणि केरळात सह्याद्रीच्या पोटात राहणारा, डुकरासारख्या नाकाचा जांभळा बेडूक शास्त्राला २००३ साली ज्ञात झाला. तेथील माणसांना मात्र तो आधीपासून माहीत होता.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. सिंहाला पंख जोडलेले आणि माणसांचा रतीब घेणारे राक्षस नाहीत. लोकवस्तीच्या जवळ शतकानुशतके दडून बसलेला प्रचंड प्राणी असण्याचा संभव जवळजवळ नाही. परंतु अज्ञात प्राणी आहेत. अगदी निश्चित आहेत. ते बहुधा लहान असतील, रात्री हिंडणारे असतील, मातीत, दगडांच्या कपारींत किंवा खोल पाण्यात राहणारे असतील. आपल्या सह्याद्रीतूनच गेल्या दोन-तीन दशकांत पाली आणि बेडूक यांच्या कित्येक नव्या जाती शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत. राक्षस शोधायला निघालेल्याला ते मिळणार नाहीत. पायांखाली पाहणाऱ्याला मिळतील.

येथे कोणी विचारील, मास्तर, राक्षस असला काय आणि नसला काय, आपले काय अडते? फार अडते. बागुलबुवा काय करतो? मुले पळवितो. हा जुना बागुलबुवा २०१८ साली फोनवरून महाराष्ट्रात हिंडू लागला. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा निरोप गावोगाव पोचला. त्या वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसे तेथे आली होती. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारी ही माणसे. पण त्या दिवशी जमावाला ती माणसे दिसलीच नाहीत. त्याला टोळी दिसली. त्या पाचही जणांना ठार मारण्यात आले. ‘तुम्ही कोण? कोठले?’ हा प्रश्न शांतपणे विचारून उत्तर ऐकून घेण्यास किती वेळ लागला असता? ज्या मनाला रानातील जनावराविषयी पुरावा मागण्याची सवय नसते, त्याला माणसाविषयीही ती नसते. म्हणून हा विषय मी केवळ करमणुकीचा मानीत नाही.

आता त्या मुलाची गोष्ट पुरी करतो. मी निवृत्त झाल्यावर एकदा जिंतूरच्या बाजारात एका मध्यमवयीन गृहस्थाने मला वाकून नमस्कार केला. मी ओळखले नाही. ‘गुर्जी, मी राकूस,’ तो हसून म्हणाला. आम्ही एका हॉटेलात चहाला बसलो. मी त्याला पुस्तकाची हकीकत सांगितली आणि म्हणालो, ‘तू खरे बोलत होतास. त्या दिवशी माझी चूक झाली.’ तो काही वेळ बशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘गुर्जी, त्या दिवशी सकाळी उजेडात म्या पुन्हा त्या जागी गेलो व्हतो. एक खवला पडलेला घावला. तोच दाखवाया उभा राहिलो व्हतो. खिशात व्हता माझ्या. तुम्ही विचारलंच न्हाई.’

‘मग त्याचे काय केलेस?’ मी विचारले.

‘जाताना ओढ्यात टाकून दिला,’ तो म्हणाला. ‘म्हटलं, गुर्जीच न्हाई म्हणतेत, तर नसंल.’

श्रोतेहो, मला खरोखर जे बोचले ते हे शेवटचे वाक्य. माझ्या ‘छट्’ने त्याच्याकडून नुसता खवला गेला नाही. स्वतःच्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास मी काढून घेतला होता. आणि शिक्षकाचे काम तर बरोबर याच्या उलट असते.

ज्या प्राण्याची मी थट्टा केली, त्याच्यावर पुढे फार वाईट दिवस आले. खवले मांजर हा आज जगात सर्वाधिक चोरटा व्यापार होणाऱ्या सस्तन प्राण्यांपैकी एक आहे. त्याच्या खवल्यांत औषधी गुण असल्याच्या समजुतीवर हा व्यापार चालतो. वास्तविक ते खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. स्वतःची नखे कातरून टाकणारा माणूस दुसऱ्याची नखे औषध म्हणून विकत घेतो! परंतु आशेलाही जागा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील डुगवे या गावी सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या पुढाकाराने २०२० साली ग्रामस्थांनी ‘खवलोत्सव’ साजरा केला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावातून मिरविली. कोणत्याही विद्वानाच्या व्याख्यानापेक्षा त्या पालखीने अधिक काम केले असेल.

म्हणून आपणां सर्वांना, विशेषतः घरात मुले असणाऱ्यांना, एवढीच विनंती आहे. उद्या आपला मुलगा किंवा मुलगी, गच्चीवर काम करणारा मजूर, अथवा गावाकडून आलेली मावशी काही विचित्र पाहिल्याचे सांगेल, तेव्हा लगेच ‘असेल’ म्हणू नका आणि ‘छट्’ही म्हणू नका. विचारा: कोठे पाहिलेस? केव्हा? किती अंतरावरून? उजेड होता का? पाय किती होते? तेथे काही पडलेले होते का? बहुतेक वेळा राक्षसाचे रानमांजर होईल, किंवा झाडाची सावली होईल. आणि मुलाची भीती आपोआप उतरेल. क्वचित एखादे वेळी मात्र राक्षसाच्या जागी असा काही जीव उभा राहील, की जो आपण कधी पाहिलेला नाही.

आणि सर्वांत शेवटी एक प्रश्न अवश्य विचारा; जो मी त्या दिवशी विचारला नाही. ‘बाळ, तुझ्या खिशात काय आहे?’